जुन्या जर्मन शिरस्त्राणांवरील चिन्हांची पारख कशी करावी

पुण्याच्या जुन्या बाजारात, कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याचे सामान निघते तेव्हा किंवा निवृत्त सैनिकाच्या घरातल्या लोखंडी पेटीत कधी कधी काळ्या चामड्याचे, डोक्यावर धातूचे टोक असलेले शिरस्त्राण सापडते. त्याच्या समोर पंख पसरलेला पितळी गरुड किंवा दोन सिंहांनी धरलेली ढाल असते. हे जर्मन पिकेलहाउब होय. ते पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘हे खरे आहे का?’ असा असतो, परंतु त्यात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. चिन्ह त्या काळातले अस्सल आहे का, हा पहिला. आणि अस्सल असले तरी ते याच शिरस्त्राणाचे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोड्या सरावाने देता येते. दुसऱ्यासाठी चिन्ह, कोकार्ड (बाजूंवरची गोल रंगीत चक्रे), भोके, शिक्के आणि टोक ही सर्व एकमेकांशी जुळतात का, हे शांतपणे तपासावे लागते, आणि बहुतेक फसगत नेमकी येथेच होते. गेल्या शतकभरात या वस्तू अनेक हातांतून फिरल्या, मोडक्यांचे भाग चांगल्यांना लागले, आणि साध्या चिन्हाच्या जागी जास्त किमतीचे चिन्ह बसवले गेले.

अशी वस्तू पुण्यात येते कशी, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे त्या वेळच्या 3ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20व्या आणि 21व्या कंपन्या फ्रान्समध्ये होत्या आणि 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह शापेल येथे त्या जर्मन फौजेशी अगदी जवळून लढल्या. याउलट मराठा पलटणींची मुख्य लढाई मेसोपोटेमियात झाली आणि तेथे समोर तुर्की फौज होती. म्हणून ‘पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणले’ अशी हकीकत ऐकली की ती आदराने लिहून घ्यावी, पण पुरावा म्हणून धरू नये. पिकेलहाउब ही त्या युद्धातली सर्वांत आवडती विजयचिन्हाची वस्तू होती. ब्रिटिश अधिकारी ती आपल्या सामानात सोबत घेऊन फिरत. शिवाय आज उत्तर भारतातल्या कारखान्यांत शोभेसाठी आणि परदेशी हौशी मंडळींसाठी तशीच शिरस्त्राणे बनतात व त्यांतली काही आपल्याकडच्या बाजारातही येतात. हकीकत कितीही हृद्य असली तरी आधी वस्तू वाचावी, मग हकीकत.

तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. सराफाचे दहापट भिंग, एक लहान लोहचुंबक, व्हर्निअर कॅलिपर, बारीक झोताची बॅटरी आणि स्वच्छ सुती कापड एवढे पुरे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. आपल्या घरांत पितळ दिसले की ते चिंचेने किंवा पितांबरीने घासून लखलखीत करण्याची सवय असते. असे घासलेल्या चिन्हावरचा राप, खोलगट भागांतला जुना मळ, सोनेरी मुलाम्याचा उरलासुरला अंश आणि कडेला साचलेला काळा लाखेरी थर एकाच वेळी नाहीसा होतो, आणि पारखीसाठी हेच तर साक्षीदार असतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत वस्तूला कोरड्या कापडापलीकडे काहीही लावू नये.

प्रथम दर्शनी चिन्ह कोणत्या राज्याचे आहे ते ठरवावे. 1871 नंतरचे जर्मन साम्राज्य अनेक राज्यांचे मिळून बनलेले होते आणि त्यांच्या तुकड्यांनी आपापली राजचिन्हे राखली होती. टोकाचे शिरस्त्राण प्रशियात 1842 मध्ये आले. तेथील सर्वसाधारण पायदळाच्या गरुडाच्या छातीवर ‘एफ’ आणि ‘आर’ ही अक्षरे गुंफलेली असतात, एका पंजात राजदंड व दुसऱ्यात गोल असतो आणि अंगावरून गेलेल्या पट्टीवर ‘मिट गॉट फ्यूर क्योनिग उंट फाटरलांट’ (देवासह, राजा व पितृभूमीसाठी) हे वाक्य असते. गार्ड रेजिमेंटांच्या गरुडावर या अक्षरांच्या जागी किरणांचा तारा येतो. अधिकाऱ्यांच्या ताऱ्याच्या मध्यभागी मीनाकाम असते. बव्हेरियाने हा नमुना 1886 मध्ये स्वीकारला. त्याच्या चिन्हात दोन सिंहांनी धरलेली ढाल आणि ‘इन ट्रॉय फेस्ट’ (निष्ठेत अढळ) हे शब्द आहेत. व्युर्टेम्बर्गच्या ढालीला एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस हरीण आहे. हरीण दिसले की व्युर्टेम्बर्ग, ही खूण नवशिक्यालाही चटकन लक्षात राहते. बाडेनचा प्राणी ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे तोंड व सिंहाचे अंग असलेला. त्याच्या वाक्यात ‘क्योनिग’ऐवजी ‘फ्यूर्स्ट’ (संस्थानिक) येते, कारण बाडेनचा शासक राजा नसून ग्रँड ड्यूक होता. सॅक्सनीचे चिन्ह किरणांच्या ताऱ्यावर बसवलेली राजढाल, तर हेसेचे चिन्ह पानांच्या वेढ्यात उभा राहिलेला, हाती तलवार घेतलेला सिंह. लान्सर, हुसार आणि येगर तुकड्यांची शिरोभूषणे वेगळ्या घडणीची असतात. तेथील चिन्ह टोकाच्या शिरस्त्राणावर दिसले तर ते नंतर लावलेले आहे, एवढे येथे पुरे.

चिन्हांवरच्या सनांमुळे फार गोंधळ होतो. राखीव अधिकाऱ्यांच्या गरुडावर एक लहान क्रॉस असतो आणि त्यावर 1813 हे वर्ष दिसते. ते नेपोलियनविरुद्ध उभारलेल्या प्रशियाच्या लांडवेअर दलाचे, म्हणजे नागरिकांच्या सैन्याचे, स्मरण आहे, निर्मितीचे वर्ष नव्हे. हॅनोव्हरची परंपरा सांगणाऱ्या काही रेजिमेंटांच्या चिन्हांवर ‘वॉटर्लू’ किंवा ‘पेनिन्सुला’ अशी पट्टी येते, आणि 9व्या ग्रेनेडियर रेजिमेंटच्या गरुडावर ‘कोलबेर्ग 1807’ असते. ही सर्व युद्धसन्मानाची नावे आहेत. ‘वॉटर्लूच्या लढाईतले शिरस्त्राण’ म्हणून कोणी टोकदार पिकेलहाउब दाखवत असेल तर 1815 आणि 1842 ही दोन वर्षे शेजारी मांडून पाहावीत. उलट, असे सन्मान मोजक्याच रेजिमेंटांना असल्यामुळे त्या पट्ट्या महाग आहेत आणि साध्या गरुडावर नंतर डाखून बसवलेल्याही सापडतात. अशा पट्टीच्या मागच्या बाजूचा डाख भिंगाखाली पाहावा. नवा डाख चकचकीत राखाडी असतो आणि त्याच्याभोवती जुन्या पितळाचा रंग उष्णतेने बदललेला दिसतो.

यानंतर चिन्ह घडवले कसे आहे ते पाहावे. येथे पुणेकरांना एक मोठी सोय आहे, कारण कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्रा ठोकून घडवलेली वस्तू आणि साच्यात ओतलेली वस्तू यांतला फरक बोटांनी सांगणारे कारागीर आजही आहेत. अस्सल चिन्हे पातळ पितळी पत्र्यावर पोलादी ठशाने दाबून काढलेली असतात. म्हणून समोर जेथे उंचवटा आहे तेथे मागे तेवढाच खोलगा मिळतो. गरुडाच्या छातीवरची अक्षरे मागच्या बाजूला उलटी, पण स्पष्ट उमटलेली असतात. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा ओबडधोबड असते, वजन हाताला जास्त लागते, आणि पिसांच्या रेषांमध्ये भिंगाखाली वाळूसारखे बारीक खड्डे दिसतात. अक्षरांच्या कडाही गोलसर, वितळल्यासारख्या भासतात. मात्र ठशाने काढलेल्या नव्या नकलाही आहेत. त्यांच्या बाबतीत पत्र्याची कापलेली कड पाहावी. जुन्या चिन्हाची कड शंभर वर्षांच्या हाताळणीने मऊ झालेली व समोरच्या पृष्ठभागाइतकीच रापलेली असते, तर नव्याची कड बोटाला बोचते आणि आतून पिवळी जर्द असते. रासायनिक लेप देऊन काळे केलेले पितळ खोलगट भागात आणि उंचवट्यावर सारखेच काळे असते. खऱ्या वापरात उंचवटे उजळ राहतात आणि खोलगे गडद होत जातात.

चिन्ह बसवण्याच्या पद्धतीवरून पद कळते. शिपायांच्या चिन्हाच्या मागे दोन पितळी नाकी डाखलेली असतात. ती चामड्यातून आत जातात आणि आतून त्यांत चामड्याची पाचर सारून चिन्ह पक्के केले जाते. अधिकाऱ्यांच्या चिन्हाला मागे आट्यांचे खुंट असतात व ते आतून नटाने आवळलेले असतात. अधिकाऱ्यांचे चिन्ह सोनेरी मुलाम्याचे, जास्त रेखीव असते आणि गरुडाच्या मुकुटातल्या जागा आरपार कापलेल्या असतात, तर शिपायाच्या मुकुटात त्या भरीवच राहतात. प्रशियाच्या अधिकाऱ्याच्या टोकाच्या बैठकीवरचे खिळे ताऱ्याच्या आकाराचे असतात, शिपायाचे साधे घुमटाकार. अधिकारी शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून त्यात सरकारी शिक्का नसतो. या खुणांपैकी एक अधिकाऱ्याची आणि दुसरी शिपायाची निघाली, म्हणजे आरपार कापलेला मुकुट पण मागे नाकी, किंवा ताऱ्याचे खिळे पण आत सरकारी शिक्का, तर वस्तू जोडून बनवलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ते म्हणजे भोके वाचणे. ते नीट जमले तर बाकीच्या तपासण्या जवळजवळ दुय्यम ठरतात, असे माझे मत आहे, कारण चिन्ह बदलता येते, कोकार्ड बदलता येते, पण चामड्याला एकदा पडलेले भोक नाहीसे करता येत नाही. आतील अस्तर चामड्याच्या पाकळ्यांचे असते. पाकळ्यांच्या टोकांतून ओवलेली दोरी सैल करून पुढच्या पाकळ्या अलगद मागे वळवाव्यात. चामडे कोरडे असेल तर जोर करू नये, ते कडकन तुटते. मग बॅटरीचा झोत तिरपा टाकून दर्शनी चिन्हाच्या मागची बाजू पाहावी. अस्सल जोडीत नेमकी तेवढीच भोके असतात जेवढी चिन्हाला लागतात, आणि प्रत्येक भोकाची कड जुन्या चामड्यासारखीच गडद, थोडी आत दबलेली, नाक्याच्या आकाराला चिकटून बसलेली असते. भोकाच्या कडेला फिकट, तंतुमय, ताजे चामडे दिसले तर ते भोक अलीकडचे आहे. मेणाने, लुकणाने किंवा काळ्या रंगाने बुजवलेले जादा भोक आतून लपले तरी बाहेरून तिरप्या प्रकाशात खळगा म्हणून उठून दिसते.

एका कुटुंबाकडे वारशाने आलेले शिरस्त्राण मी असेच तपासले होते. समोर देखणे बव्हेरियन चिन्ह होते आणि चिन्ह स्वतः निर्विवाद अस्सल होते: पातळ पत्रा, मागे सिंहांच्या आयाळींचे स्पष्ट खोलगे, रापही एकसारखा. पण पाकळ्या वळवल्यावर आत चार भोके दिसली. त्यांतल्या दोन भोकांतून नाकी गेलेली होती, तर दुसऱ्या दोहोंतले अंतर व्हर्निअरने मोजल्यावर वेगळे निघाले. कुटुंबाच्या परवानगीने पाचरी काढून चिन्ह उचलले, तेव्हा खालच्या काळ्या लाखेवर पंख पसरलेल्या गरुडाची कड फिकट रेषेसारखी उमटलेली होती. चिन्हाखाली दडलेली लाख धूळ, ऊन आणि पॉलिश यांपासून वाचते, म्हणून ती आजूबाजूपेक्षा काळी व तुळतुळीत राहते आणि मूळ चिन्हाचा आकार जपून ठेवते. बव्हेरियन ढालीचा आकार वेगळा, गरुडाचा वेगळा. लाखेवरची ती सावली आणि जादा भोके यांची साक्ष एकच होती, ती म्हणजे हे मूळचे प्रशियाचे शिरस्त्राण आहे. दोन्ही भाग खरे असले तरी त्यांची जोडी खरी नव्हती, आणि कुटुंबाच्या नोंदीत तसेच लिहून ठेवले गेले.

दर्शनी चिन्हानंतर कोकार्डांकडे यावे. ही हनुवटीपट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांवर बसवलेली गोल रंगीत चक्रे असतात. उजवी-डावी नेहमी परिधान करणाऱ्याच्या बाजूने मोजावी. 22 मार्च 1897 रोजी, कैसर पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, सर्व जर्मन तुकड्यांना साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल कोकार्ड देण्यात आले. ते उजव्या बाजूला बसते व राज्याचे डाव्या बाजूला. त्यापूर्वी राज्याचे एकच कोकार्ड उजवीकडे असे. म्हणून 1897 पूर्वीच्या नमुन्यावर दोन्ही कोकार्ड असतील तर ते नंतरही वापरात राहिले किंवा नंतर सजवले गेले, यांपैकी काय झाले ते शोधावे लागते. राज्यांचे रंग बाहेरून आत असे आहेत: प्रशिया काळा-पांढरा-काळा, बव्हेरिया पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनी पांढरा-हिरवा-पांढरा, व्युर्टेम्बर्ग काळा-लाल-काळा, बाडेन पिवळा-लाल-पिवळा, हेसे पांढरा-लाल-पांढरा. शिपायांची कोकार्ड दातेरी कडेच्या, रंगवलेल्या एकसंध पत्र्याची असतात. अधिकाऱ्यांच्या कोकार्डात पांढऱ्या रंगाच्या जागी रुपेरी धातूचे वेगळे कडे असते. नकली कोकार्डांवरचा रंग जाड, एकसारखा आणि चकचकीत असतो. जुन्यावर रंगाला केसासारख्या भेगा गेलेल्या असतात आणि खुंटाच्या भोवती घर्षणाने धातू उघडा पडलेला असतो.

चिन्ह व कोकार्ड जुळत नसेल तर लगेच निकाल देऊ नये, कारण येथे एक खरा अपवाद आहे आणि त्यामुळे चांगल्या वस्तूही नाहक बदनाम होतात. लहान राज्यांनी प्रशियाशी लष्करी करार केले होते. त्यांच्या रेजिमेंटा प्रशियाचा गरुड लावत, पण कोकार्ड आपल्या राज्याचे. हॅम्बुर्गच्या 76व्या पायदळ रेजिमेंटच्या शिरस्त्राणावर प्रशियाचा गरुड आणि डाव्या बाजूला पांढऱ्यावर लाल क्रॉस असलेले हॅन्सियाटिक, म्हणजे जुन्या जर्मन व्यापारी शहरांचे, कोकार्ड असणे पूर्णपणे योग्य आहे. अशा वेळी आतला शिक्का निर्णय देतो. मागच्या झापेखाली किंवा घुमटाच्या आत ‘बी.ए.’ आणि पुढे आकडा असा शिक्का असतो. तो सैन्यदलाच्या वस्त्रभांडाराचा असून आकडा कोअरचा, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या लष्करी विभागाचा आहे. हॅम्बुर्गची रेजिमेंट 9व्या कोअरमध्ये होती, म्हणून 9 या आकड्याशी लाल क्रॉसचे कोकार्ड जुळते. सॅक्सनीचे कोअर 12 आणि 19, व्युर्टेम्बर्गचे 13, तर बाडेनचे 14. ‘बी.ए. 13’चा शिक्का असलेल्या शिरस्त्राणावर सॅक्सन तारा दिसला तर मात्र काळजीपूर्वक भोके पुन्हा मोजावीत. शिक्का जुन्या चामड्यात दबलेला असला पाहिजे. केवळ वर शाईने लिहिलेला, बोट फिरवल्यावर खोली न जाणवणारा शिक्का संशयास्पद मानावा.

टोकाकडेही चिन्ह म्हणूनच पाहावे. तोफखान्याला टोकाऐवजी गोळा असे, त्यामुळे गोळा असलेले शिरस्त्राण पायदळाच्या रेजिमेंटचे म्हणून विकले जात असेल तर ते चूक आहे. बव्हेरियाच्या तोफखान्याने मात्र 1916 पर्यंत टोकच ठेवले, म्हणून बव्हेरियन चिन्हासोबत गोळा दिसला तर बनावटीपूर्वी काळाचा विचार करावा. 1915च्या नमुन्यात पितळाची जागा राखाडी पोलादी पत्र्याने घेतली आणि टोक काढता येण्याजोगे झाले. येथे लोहचुंबक कामी येते. 1915च्या शिरस्त्राणाची काठपट्टी, टोक आणि चिन्ह तिन्हींना चुंबक चिकटले पाहिजे. काठपट्टी चिकटते आणि चिन्ह चिकटत नाही, असे असल्यास चिन्ह जुन्या पितळी नमुन्यावरून आले आहे. युद्धकाळात जुने साठेही वापरले जात, म्हणून ही विसंगती एकटी असेल तर ती नोंदवावी. इतर विसंगतींसोबत असेल तर ती गंभीर मानावी. पितळी नमुन्याची काठपट्टी चुंबकाला चिकटली आणि वर पिवळा थर दिसला तर ते पितळी पाणी दिलेले लोखंड आहे, म्हणजे शोभेची नक्कल.

पोलादी शिरस्त्राणांविषयी थोडक्यात. 1916 मध्ये व्हर्दूनच्या लढाईच्या सुमारास आलेल्या या नमुन्यावर पहिल्या महायुद्धात कोणतेही राष्ट्रीय चिन्ह नव्हते. 1918च्या जुलैमधील आदेशानुसार काही शिरस्त्राणांवर हिरवे, गेरूसारखे आणि पिवळसर ठिपके काळ्या, बोटभर रुंदीच्या रेषांनी वेगळे करून रंगवले गेले, एवढेच. म्हणून या नमुन्यावर ढालीतला गरुड दिसला तर तो नंतरच्या वापराचा किंवा नंतरच्या हाताचा आहे. 1920च्या दशकात राज्यांच्या ढाली आल्या, 1933 मध्ये काळा-पांढरा-लाल तिरंगी डाग (पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र) आला, 1934 मध्ये सैन्याचा गरुड आला. तिरंगी डाग 1940 मध्ये आणि सैन्याचा गरुड 1943 मध्ये बंद झाला. म्हणून कापलेली, न वळवलेली कड असलेल्या 1942च्या नमुन्यावर तिरंगी ढाल असणे कालदृष्ट्या विसंगत आहे. नाझी काळातल्या एसएस या सशस्त्र संघटनेच्या चिन्हांची नक्कल इतकी सर्रास होते की भारतात समोर आलेले प्रत्येक चिन्ह खोटे समजूनच तपासणीला सुरुवात करावी. व्यक्तिशः मी ती वस्तू संग्रहात घेण्याची शिफारस करत नाही. डागाची कड भिंगाखाली पाहिली तर मूळ डाग रंगात मुरलेला आणि दोघांच्या ओरखड्यांची रेषा एकच असते. ओरखडा रंगावर आहे पण डागाखालून जातो, असे दिसल्यास डाग नंतर चिकटवला आहे.

तपासणीची नोंद लेखी ठेवावी. दर्शनी चिन्हाची उंची व रुंदी, भोकांतले अंतर मिलिमीटरमध्ये, नाकी किंवा खुंट, शिक्क्याची अक्षरे जशी दिसतात तशी, दोन्ही कोकार्डांचे रंग बाहेरून आत, आणि चिन्ह उचलले असल्यास खालच्या लाखेचे छायाचित्र, एवढे तरी त्यात असावे. शंभर वर्षांहून जुन्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना 1972चा पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा लागू होतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशातील तज्ज्ञाचे मत हवे असेल तर वस्तू नव्हे, ही नोंद आणि छायाचित्रे पाठवावीत. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते आणि पितळावर हिरवा कळंक येतो. शिरस्त्राण प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात, आत आम्लरहित कागदाचा भक्कम गोळा भरून ठेवावे, म्हणजे घुमटाचा आकार आणि त्याबरोबर भोकांची जागाही बदलत नाही. कळंक दिसल्यास ओल्या पदार्थाने न पुसता लाकडी काडीने कोरडाच खरवडावा, आणि लाखेला स्पर्श होऊ देऊ नये.